भागीचं निंदण

“माणसाच्या हंड्यात पाणी नाई अन् मास्तरच्या मासोळ्यायले बंगला बांधून राह्यले,” शेजारच्या कस्तुराबाई पुटपुटल्या. तेव्हा त्यांचं नाक माझ्या काचेला टेकलेलं होतं. नावं ठेवायची होती, पण मासेही जवळून पाहायचे होते.

मित्रांनो, तो बंगला म्हणजे मी. माशांची एक जुनी काचपेटी. शिरपूरच्या शाळेतल्या देवमन गुरुजींनी १९७३ साली मला घरीच बनवलं. सांगाडा लोहाराकडून केला, काचा वाशिमहून एसटीत मांडीवर धरून आणल्या. पहिले तीन दिवस मी नुसती गळत होते. गुरुजींचे वडील पुंजाजी रोज सकाळी येऊन विचारत, “अजून रडूनच राह्यली काय हे?”

मग मला खिडकीजवळ, बुद्धाच्या तसबिरीखाली जागा मिळाली. हिवतापवाल्या साहेबांनी डासांच्या अळ्या खाणारे बारके गप्पी मासे दिले. हिरवळ मात्र भागीनं आणली. भागिरथा ही गुरुजींची एकुलती एक लेक, चौथीत शिकणारी. गावाबाहेरच्या तळ्यातून तिनं ओंजळभर तरंगती रोपं आणली. पानं मखमली, कोबीच्या चिमुकल्या गड्ड्यासारखी, आणि पाण्याखाली पांढऱ्या दाढीसारखी मुळं. भागी त्यांना कोबीच म्हणे. ना माती लागे ना कुंडी. पाण्यावर सोडली की झालं.

झालं कसलं. महिनाभरात एका रोपाची दहा झाली. गुरुजींनी लेकीला समजावलं, की पाणी पुरतं झाकलं तर खाली उजेड जात नाही आणि माशांचा जीव गुदमरतो. भागीची आई लिलाबाई लोकांच्या वावरात निंदायला, म्हणजे पिकातलं तण काढायला, जात. भागीनं तिथलाच शब्द उचलला. दर रविवारी फ्रॉकची बाही वर सारून ती सांगायची, “आज माहं निंदण हाये.”

दर तिसरं रोप काढायचं. पिवळं आधी, थोराड नंतर. पिल्लू-रोपाची नाळ नखानं हलकेच तोडायची. पाणी ओतताना मध्ये वाटी धरायची, कारण पानं वरून भिजली की सडतात. ज्वारीच्या धांड्यातल्या हलक्या गाभ्याची तिनं चार काड्यांची चौकट केली आणि माझ्या पाण्यावर सोडली. चौकटीत कोबी शिरायची नाही. ते माशांचं दार. पिठाची चिमूटही तिथंच पडायची.

“कायले उपटतं वं चांगलं हिरवं पीक?” पुंजाजी हळहळत.

“आबा, वरतं दाटलं का खालचे मरतात,” भागी म्हणे. आबा ती रोपं उचलून शेणखतात पुरत, पण मनातून त्यांना ते पटलेलं नसे.

दोन वर्षं मी फार सुखात होते. शाळेची पोरं रांगेनं बघायला येत आणि माझ्यावर बोटांचे ठसे ठेवून जात. भागी ते पुसायची आणि ज्याचे ठसे त्याला शिव्या घालायची.

पंच्याहत्तरच्या श्रावणात तिला ताप भरला. वाशिमला नेलं. चौथ्या दिवशी घरी आणलं आणि त्याच दुपारी तिची माती झाली.

त्यानंतर त्या घरात तो एक शब्द कुणीच उच्चारेना. येणाऱ्या बायका “असं झालं बापा” एवढंच म्हणत आणि पदर तोंडाला लावत. गुरुजी तिच्या वर्गात हजेरी घेताना अजून तिचं नाव घेतात, थोडं थांबतात, मग पुढचं नाव घेतात, हे मला कस्तुराबाईंकडूनच कळलं. पोरं म्हणे तेवढा वेळ खाली मान घालून बसतात.

पहिल्या रविवारी लिलाबाईंनी पदर खोचून माझ्यात हात घातला.

“राहू दे,” गुरुजी म्हणाले. “भागीचं काम हाये ते.”

लिलाबाईंनी हात काढून घेतला. पुढच्या रविवारीही तेच. ज्यांनी निंदण शिकवलं, तेच आता निंदू देईनात. धांड्याची चौकट भिजून सुटली आणि दार बुजलं. माझ्यात भर दुपारी तिन्हीसांज होऊ लागली. दाटून दाटून कोबीही पिवळी पडली.

ते पुंजाजींना बघवेना. नातीचं पीक पिवळं पडतंय म्हटल्यावर त्यांनी जन्मभर वावरात केलं तेच केलं. पोत्यातला मूठभर युरिया आणला आणि कुणाला न सांगता माझ्यात टाकला. ती मूठ मायेची होती. पण वावरात मासे नसतात, हे म्हाताऱ्याला सुचलं नाही. मी काच. मला सगळं दिसतं, थांबवता काही येत नाही.

मित्रांनो, आज माझी एक बाजू तडकलेली आहे आणि माझ्यात लसणाच्या गड्ड्या ठेवतात. त्याचं मला काही नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, की गेलेल्या माणसाच्या वस्तूला हात न लावणं म्हणजे ती सांभाळणं नव्हे. वरून हिरवं दिसलं तरी पानं बाजूला सारून खाली बघत जा. आमच्याकडे तसं बघायला दोन दिवस उशीर झाला.

युरिया पडल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वास आला म्हणून लिलाबाईंनी पानं सारली. खाली पांढरी पोटं तरंगत होती. तीनच मासे जिवंत होते, मुळांच्या फटीतून तोंड वर काढून धापा टाकत. लिलाबाईंनी विहिरीची ताजी बादली आणली आणि दोन्ही हातांनी कोबी उपटायला वाकल्या. गुरुजींनी त्यांचं मनगट धरलं.

“नको. भागी काय म्हणन?”

“माह्याच हातानं झालं रे, देवमन,” पुंजाजी दारातूनच म्हणाले. “तिले नको बोलू.”

गुरुजींना ते ऐकूही गेलं नाही. “रविवारी भागी...” एवढंच म्हणाले. मनगट काही सोडेनात.

लिलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“भागी मेली जी,” त्या म्हणाल्या. “आपली भागी मेली. हे तीन अजून जिते हायेत. माहा हात सोडा.”