बोक्याची गुरगुर

ताईने दार उघडले, पण नेहमीप्रमाणे ‘आलास का, मुक्या’ असे म्हणाली नाही. लहानपणी पाहुण्यांसमोर मी तोंड उघडत नसे, म्हणून तिने मला दिलेले हे नाव. माझी पंचविशी उलटली तरी ते तिच्या जिभेवरून उतरले नव्हते. त्या रविवारी ती नुसती बाजूला झाली. आत जेवणाच्या टेबलाशी भावोजी बसले होते. उजव्या हाताला मनगटापर्यंत पांढरी पट्टी होती. तो हात त्यांनी टेबलावर असा ठेवला होता, की तो दुसऱ्याच कोणाचा असावा आणि त्यांच्याकडे थोडा वेळ सांभाळायला दिलेला असावा.

“सहा टाके,” ते म्हणाले. “तुझ्या विद्यार्थ्याचा प्रताप, मास्तर.”

विद्यार्थी म्हणजे बोका, आणि बोका हा कुत्रा होता. पिल्लू असताना तो सोफ्याच्या पाठीवर चढून झोपे, म्हणून माझ्या भाचीने, चिमीने, त्याला हे नाव दिले होते. पुढे तो चांगला गुडघ्याइतका उंच झाला, पण नाव तेच राहिले. दवाखान्यात त्याच्या नावाचा पुकारा झाला की बाकीचे लोक मांजर शोधत. या क्षणी तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंगाची जुडी करून बसला होता आणि माझ्याकडे पाहत नव्हता.

कुत्र्यांना वळण लावणे हे माझे काम आहे. ज्या घरात कुत्रा भुंकतो, ओढतो, वस्तू फाडतो, तिथे मी जातो. माणसांशी बोलायचे म्हटले की माझ्या घशाला कोरड पडते. कुत्र्यांपाशी तसे होत नाही, कारण त्यांना आपल्या बोलण्याची फारशी गरज नसते.

“झालं काय नेमकं?” मी विचारले.

“काय होणार! टेबलाखाली हाड चघळत पडला होता. माझा चमचा पडला. वाकलो, हात खाली नेला, आणि खटकन. ना दात दाखवले, ना गुरगुरला. आवाजसुद्धा केला नाही रे त्यानं.”

शेवटचे वाक्य ते तक्रारीच्या सुरात बोलले होते. मी मात्र फरशीकडे पाहू लागलो. बोका गुरगुरला का नाही, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होते.

“शनिवारी दुपारची वेळ घेतलीय डॉक्टरांची,” भावोजी म्हणाले. “ते कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायला.”

“अहो, तो आत्ता कुठे तीन वर्षांचा होतोय,” ताई म्हणाली.

“आणि आपली मुलगी सहा वर्षांची आहे. ती त्याच्या शेजारी जमिनीवर लोळत असते. माझ्या हाताच्या जागी तिचा गाल असता तर?”

ताईने माझ्याकडे बोट दाखवले. “शनिवारपर्यंत हा बघेल ना त्याच्याकडे. याचा धंदाच आहे तो.”

“बघू दे की. पण त्याआधी मला एक वाक्य हवंय, मास्तर. चिमी या कुत्र्याजवळ सुरक्षित आहे की नाही. तुझं ते नेहमीचं हूं-हूं चालणार नाही.”

मी हूं म्हणालो.

* * *

दोन वर्षांपूर्वी, बोका दहा महिन्यांचा असताना, ताईने मला असेच बोलावले होते. त्याच्या खाण्याच्या भांड्याजवळून कोणी गेले की तो गुरगुरत असे. मी या कामात नवा होतो. राखणीची कुत्री तयार करणाऱ्या एका गृहस्थांकडे सहा महिने शिकून आलो होतो, आणि त्यांची रीत सरळ होती: गुरगुर ऐकू आली की गळ्यातल्या साखळीला हिसका द्यायचा आणि त्याच क्षणी गोट्यांनी भरलेला पत्र्याचा डबा शेजारी आपटायचा. चार दिवसांत बोका गप्प झाला. पाचव्या दिवशी चिमीने त्याच्या भांड्यात हात घातला, तरी त्याने नुसती मान खाली घातली. ताईच्या डोळ्यांत पाणी आले. भावोजींनी पाठीवर थाप मारून मला ‘मास्तर’ म्हटले, ते त्या दिवसापासून. इतके कौतुक माझ्या वाट्याला पूर्वी कधी आले नव्हते.

पुढे काम वाढले, तसे समजू लागले. गुरगुरणे हा दोष नाही. ‘मला भीती वाटते आहे, जरा दूर हो’ एवढेच ते सांगणे असते. त्याबद्दल शिक्षा केली तर भीती जात नाही. जाते ते सांगणे. कुत्रा तेवढाच घाबरलेला राहतो, आणि एक दिवस मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून थेट दातांवर येतो. असे कुत्रे मी इतरांच्या घरी पाहिले, त्यांच्या मालकांना समजावून सांगितले, आणि प्रत्येक वेळी घरी परतताना मला बोका आठवला. ताईला सांगायला हवे होते. आज सांगेन, पुढच्या खेपेला सांगेन, असे करत दीड वर्ष गेले. मी येत राहिलो, जेवत राहिलो, मास्तर म्हणवून घेत राहिलो.

* * *

सोमवारपासून काम सुरू झाले. चिमी घरी असताना बोक्याच्या तोंडाला मुसके बांधायचे, हे मी ताईकडून कबूल करून घेतले. संध्याकाळी चिमीला खेळ म्हणून एक गोष्ट शिकवली: ‘पुतळा’ म्हटले की होते तिथे थिजायचे, हात अंगाला लावायचे आणि कुत्र्याकडे पाहायचे नाही. भावोजींना तिने रात्रीपर्यंत इतक्या वेळा पुतळा केले, की शेवटी ते म्हणाले, “अगं, निदान घास तोंडात जाऊ दे, मग थिजतो.”

खरे काम सकाळी होई, ती शाळेत असताना. बोक्याला लांब दोरीने सोफ्याच्या पायाला बांधायचे, मुसके काढायचे, पुढ्यात हाड ठेवायचे आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून सावकाश चालत यायचे. डोळे त्याच्यावर, पण रोखलेले नाहीत. चघळणे मंदावले, मान ताठ झाली, डोळ्याच्या कडेला पांढरे दिसले, की मी तिथेच थांबे, उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा त्याच्याकडे टाके आणि मागे फिरे. माझ्या मागे फिरण्यातून त्याला एवढेच समजायचे होते, की त्याचे ऐकले गेले आहे. इतके हळू सांगितलेले सुद्धा.

सोमवार, मंगळवार आणि बुधवार गेला. तो ताठ होई, मी मागे फिरे, पण घशातून काही उमटत नसे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आवाजाला मी मारलेली गाठ मला जवळजवळ डोळ्यांनी दिसू लागली होती. बुधवारी मी रोजच्या टिपणवहीत काहीच लिहिले नाही.

गुरुवारी, पाच पावलांवर असताना, मला ते ऐकू आले. रस्त्यावरून जड वाहन जावे आणि खिडकीची काच क्षणभर थरथरावी, इतकेच. मी लगेच दोन पावले मागे सरलो आणि तीन तुकडे एकदम टाकले.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “तो गुरगुरला ना आत्ता?”

“हो.”

“मग तुझा चेहरा असा का? लॉटरी लागल्यासारखा?”

त्या क्षणी मी सांगू शकलो असतो. ती एकटी होती, आणि तिचे हात कणकेने भरलेले होते, म्हणजे तिला कुठे निघूनही जाता आले नसते. “उद्या सांगतो,” मी म्हणालो.

* * *

शुक्रवारी शाळा लवकर सुटली. हाताच्या दुखापतीमुळे भावोजी रजेवर होते. ते चिमीला घेऊन दीड तास आधीच परतले. मी खिडकीपाशी होतो. बोका खोलीच्या मध्यावर, मुसके काढलेले, पुढ्यात हाड. कुलपात किल्ली फिरल्याचे मी ऐकले आणि मला वाटले, बाहेर गेलेली ताई परतली असेल. मग लक्षात आले, की ताई स्वयंपाकघरातच आहे.

“बोक्या! हे बघ मी काय काढलंय!”

चिमी चित्राचा कागद फडकावत धावत आली आणि त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहिली. मी सात पावले दूर होतो, आणि आमच्या दोघांच्या मध्ये तो.

त्याचे चघळणे थांबले. मान ताठ झाली. डोळ्याची पांढरी कड दिसली. हे तिन्ही मी एकामागोमाग पाहिले, आणि चौथी गोष्ट काय असेल ते मला समजेना. धावलो तर तो दचकला असता, आणि दचकलेल्या कुत्र्याच्या सर्वांत जवळ ती होती.

मग तो गुरगुरला. खोल, पोटातून आलेला, लांबलचक आवाज. ओठ वर गेले, दात दिसले.

दारात उभ्या असलेल्या भावोजींनी डाव्या हातातले दप्तर डोक्यावर उगारले. स्वयंपाकघरातून ताई धावत आली. “ए बोक्या, ग–”

“कोणी बोलू नका!”

तो आवाज माझा होता. एवढा मोठा आवाज माझ्या छातीत असेल याची मला कल्पना नव्हती. ताई उंबऱ्यावर थबकली. दप्तर हवेतच राहिले. या घडीला कोणी त्याला दटावले असते, तर तो आवाज पुन्हा घशात गेला असता आणि पुढच्या वेळी शांतपणे दात आले असते. हे सगळे सांगायला माझ्यापाशी एक श्वासही नव्हता.

“चिमी,” मी म्हणालो, “पुतळा.”

ती थिजली. कागद तिच्या मांडीला चिकटला होता आणि त्याचे टोक थरथरत होते.

“शाबास. आता उलटी पावलं टाक. हळू. एक. आणखी एक.”

तिसऱ्या पावलाला आवाज खाली उतरला. चौथ्याला थांबला. बोक्याने ओठ चाटले आणि माझ्याकडे पाहिले. हातातले होते नव्हते तेवढे तुकडे मी त्याच्यापुढे टाकले. ताईने चिमीला उचलून घेतले आणि इतके घट्ट धरले, की ती कुरकुरली, “आई, माझं चित्र चुरगळतंय.”

मी बोक्याला मुसके बांधले. त्याने बांधू दिले.

“मिळालं मला माझं वाक्य,” भावोजी म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “माझ्या पोरीवर दात विचकले त्यानं.”

“दात दाखवले. चावला नाही.”

“उद्या चावेल!”

“तुम्हाला तो न सांगता चावला,” मी म्हणालो, “कारण त्याचं सांगणं मी बंद केलं होतं. दोन वर्षांपूर्वी. त्या डब्यानं आणि साखळीनं. त्याची भीती गेली नव्हती, भावोजी. मी फक्त तिचा आवाज काढून घेतला होता. हे पाच दिवस मी तो परत आणत होतो.”



“हे तुला केव्हा कळलं?” ताईने विचारले.

“सहाएक महिन्यांनी.”

“म्हणजे दीड वर्ष.” तिने चिमीला खाली ठेवले. “दीड वर्ष तू इथे येऊन जेवून गेलास. ही त्याच्या अंगावर लोळायची, तू समोर बसून बघायचास, आणि बोलला नाहीस.”

मी होकारार्थी मान हलवली.

भावोजी खुर्चीत बसले. ते एका कारखान्यात बॉयलर सांभाळत. घरी त्याविषयी फारसे बोलत नसत. “आमच्या बॉयलरची धोक्याची शिट्टी वाजली की कानठळ्या बसतात,” ते सावकाश म्हणाले. “एकदा एकानं तिच्यात चिंध्यांचा बोळा कोंबला. दोन दिवस सगळे खूश. त्याला चहा पाजला लोकांनी.”

“मग?” चिमीने विचारले.

“मग आम्हाला कळलं. आणि फाटकाबाहेर काढला.”

“बॉयलरला?”

“नाही गं. बॉयलरचा काय दोष?”

त्यांनी ते चिमीला सांगितले, पण पाहत होते माझ्याकडे. मला बसायला कोणी सांगितले नाही.

“आता वाक्य दे,” ते म्हणाले. “पण खरं.”

“चिमी त्याच्याजवळ एकटी सुरक्षित नाही,” मी म्हणालो. “मोठं माणूस खोलीत नसेल तर नाही. हाडापाशी, भांड्यापाशी तर मुळीच नाही. पण आता तो आधी सांगेल. तुम्ही ते ऐकलंत, त्याला रागावला नाहीत, तर बहुधा चावणार नाही.”

“बहुधा?”

“बहुधा. याहून मोठा शब्द माझ्याकडे नाही.”

भावोजींनी बराच वेळ पट्टीच्या सुटलेल्या टोकाशी चाळा केला. मग डाव्या हाताने फोन उचलला आणि दवाखान्याला शनिवारची वेळ नको असल्याचे कळवले. ताई भिंतीला टेकून उभी होती. ती तिथेच खाली बसली.

“सगळं लिहून दे,” फोन ठेवून ते मला म्हणाले. “आधी काय दिसतं, मग काय दिसतं, आपण काय करायचं. क्रमवार. भिंतीवर लावीन. पुढचं शिकवायला मी दुसरा कोणी बघतो.” ते थांबले. “तू काही दिवस येऊ नकोस. मला तुझा राग आलाय, आणि तो मी तुला तोंडावर सांगतोय.”

मी टेबलाशी बसून लिहिले. अक्षर नीट यावे म्हणून दोनदा लिहिले. भावोजींनी शेजारी उभे राहून प्रत्येक ओळ वाचली, दोन ठिकाणी ‘हे कळत नाही, सोपं कर’ म्हणाले, आणि मी सोपे केले. ताई पाणी घेऊन आली. पेला तिने माझ्या हातात दिला नाही. कागदापासून जरा दूर, टेबलावर ठेवला.

बाहेर जिन्यावर मी बूट घालत होतो. दार लोटलेले होते, पण कडी लागली नव्हती. आत पावले वाजली, भावोजींची जड पावले, सोफ्याकडे जाणारी; आणि बोका गुरगुरला. मुसक्याआडून, दबका, तरी स्पष्ट.

पावले थांबली. बुटाची नाडी माझ्या बोटांत तशीच राहिली. मी वाट पाहिली. आत कोणी ‘गप्प’ म्हणाले नाही. बऱ्याच वेळाने तीच पावले सावकाश मागे फिरली, आणि मी नाडी बांधून खाली उतरलो.