पीठच माझा साबण

मी शेवयांची एक जुनी मशीन आहे. ओतीव लोखंडाची, हिरव्या रंगाची, वजनाला भारी आणि स्वभावाने त्याहून थोडी भारी. मित्रांनो, तुम्ही पाकिटातल्या शेवया खात असाल तर खा बापडे. पण माझी गोष्ट ऐकल्याशिवाय त्यांची तारीफ करू नका.

नगरला झेंडीगेटजवळच्या एका गल्लीत माझा मुक्काम असतो. सुलतानबी आणि गोजरबाई या तिथल्या समोरासमोरच्या शेजारणी. दोघी नव्या सुना होत्या, तेव्हा दोघींनी मिळून मला विकत घेतले. हल्ली आमचे वेळापत्रक ठरलेले आहे. आधी सुलतानबींची ईद, मग गोजरबाईंचे उन्हाळ्याचे वाळवण. मला बाजेच्या कडेला घट्ट आवळायचे आणि बाज हलू नये म्हणून तिच्यावर कुणीतरी बसायचे. हे बसण्याचे काम पहिल्यापासून गोजरबाईंकडे, कारण त्यांच्याइतके भारदस्त माणूस गल्लीत दुसरे नाही. शिवाय रोज्यांमुळे सुलतानबींच्या घरात पिठातले मीठ चाखायला कुणीच नसते. तेही गोजरबाईच चाखतात, आणि मीठ बरोबर असले तरी पुन्हा एकदा खात्री करून घेतात.

ईदच्या सकाळी गल्लीभर शीरखुर्म्याच्या वाट्या जायच्या. शेवया कुठल्या असे कुणी विचारले, की सुलतानबी ताठ मानेने सांगायच्या, घरच्या. तेव्हा मला फार बरे वाटायचे.

या वर्षी सुलतानबींच्या घरी नवी सून आली, नेवाशाची नाझनीन. तिला स्वच्छतेची भारी हौस. रमजान लागताच तिने मला माळ्यावरून काढले. आत जुने पीठ वाळून बसलेले पाहून तिने मला साबणाने घासले, नळाखाली धरले आणि फडक्यात गुंडाळून ठेवले. मित्रांनो, पाणी म्हणजे माझा वैरी! मला नेहमी कोरडे पीठ फिरवून साफ करतात. पण हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. शेवया करायच्या दिवशी फडके सोडले, तर मी गंजून घट्ट बसलेली. दांडा जागचा हलेना.

सुलतानबी रागावल्या नाहीत. त्यांनी नुसते फडके पुन्हा माझ्यावर टाकले, आणि तेच नाझनीनला जास्त लागले. तेवढ्यात गल्लीतून भंगारवाला चालला होता.

"ईद झाल्यावर ये," सुलतानबी त्याला म्हणाल्या. "ही मशीन घेऊन जा."

मग त्यांनी मुलाला बाजारातून शेवयांचे पाकीट आणायला सांगितले. नाझनीन आत जाऊन रडू लागली. पहिल्याच ईदला आपल्या हातून घराची रीत मोडली, हे तिच्या मनातून जाईना. मला तर माझी शंभरी भरल्यासारखेच वाटले.

गोजरबाईंना कळले तशा त्या धापा टाकत आल्या.

"रडू नगं, पोरी," त्या म्हणाल्या. "आपल्या गल्लीतला याकोब नागापूरला वर्कशॉपात हाय. त्याच्याकडं ने हिला."

नाझनीनने मला स्कूटीवर पायांशी ठेवले आणि रोजा असताना भर उन्हात ती निघाली. किती वर्षांनी मी शहर पाहिले! पाडवा आणि ईद लागोपाठ आलेले, त्यामुळे कापडबाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खजुराच्या गाडीला खेटून साखरगाठ्यांची गाडी उभी होती. दिल्लीगेटपाशी एका रिक्षावाल्याने विचारले, मशीन भंगारात चालली का. नाझनीन म्हणाली, नाही, दवाखान्यात. त्या एका शब्दाने माझा जीव भांड्यात पडला.

सावेडी मागे टाकून आम्ही नागापूरला पोहोचलो. याकोबने मला पूर्ण खोलले, गंज खरवडून काढला, गोडेतेलाने पुसले आणि पुन्हा जोडले.

"पहिले दोन घाणे काळे निघतील, ते टाकून द्या," तो म्हणाला. "आणि वहिनी, हिला पाणी दाखवू नका. पीठच हिचा साबण."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर बाज टाकली. गोजरबाई बसल्या, मीठ दोनदा चाखले. पहिला घाणा काळा निघाला, दुसरा करडा. सुलतानबी दारातूनच बघत होत्या. नाझनीनने तिसरा गोळा घातला आणि दांडा फिरवला. मी सगळा जीव एकवटला. पांढऱ्याशुभ्र, केसासारख्या बारीक शेवया खाली उतरू लागल्या. लांबच लांब, तुटायचे नावच घेईनात. तेव्हा सुलतानबी पुढे झाल्या आणि त्यांनी त्या आपल्या दोन्ही हातांवर झेलल्या.

ईदच्या दिवशी पाकीट फडताळातच राहिले. शेवया कुठल्या असे ज्याने विचारले, त्याला सुलतानबींनी एकच उत्तर दिले.

"आमच्या सुनेनं केल्यात."

मित्रांनो, तुमच्या घरीही माळ्यावर माझ्यासारखे कुणी असेल. त्याला खाली काढा, वापरा. पण त्याला काय सोसते, हे आधी जाणत्या माणसाला विचारा. एवढे केलेत, तर म्हातारपणीही आम्ही तुमची मान खाली जाऊ देणार नाही.

आणि हो, भंगारवाला सांगितल्याप्रमाणे आला. सुलतानबींनी त्याला ओट्यावर बसवले आणि त्याच्या हातात शीरखुर्म्याची काठोकाठ भरलेली वाटी दिली.

"खा," त्या म्हणाल्या. "त्याच मशीनच्या शेवया हायेत."

त्याने वाटी चाटूनपुसून संपवली, माझ्याकडे एकदा नीट पाहिले आणि रिकामे पोते खांद्यावर टाकून तो पुढच्या गल्लीत गेला.