प्लास्टिकमधला मंगळ

अमेरिकेत, टोलिडो शहरातल्या घरी बाबा शेवटच्या घटका मोजत होते आणि त्यांना लहानपणची ती मंगळाची कादंबरी ऐकायची होती. स्वस्त कागद, मुखपृष्ठावर सहा हातांचा राक्षस. संग्राहकांच्या रीतीप्रमाणे त्यांनी ती जाड प्लास्टिकच्या डबीत कायमची सीलबंद करून घेतली होती. डबी फुटली की किंमत गेली. मेली कसली ही रीत! पुस्तक जपायचं आणि वाचायचं मात्र नाही.

मी हातोडीनं डबी फोडली.

"मार्लीन, हळू गं!" बाबा कळवळले.

मी वाचू लागले. पिवळी पानं पापडासारखी मोडत होती. गोष्टीतला कॅप्टन मंगळावरच्या गुहेत एकटाच अडकला आणि शेवटच्या पानाचा माझ्या बोटांत चुरा झाला. मी घाबरून मनानंच जोडलं, "आणि कॅप्टन सुखरूप पृथ्वीवर परतला."

"खोटारडी," बाबा म्हणाले. "तो तिथंच मरतो. लहानपणी किती रडलो होतो मी."

"मग एवढी वर्षं जपलंत कशाला?"

"मरताना तो घाबरत नाही. का घाबरत नाही, ते शेवटी लिहिलंय. मला आठवत नाही गं. तेवढं वाच ना."

मी मांडीवरचा चुरा गोळा करू लागले.