पुढचं चाक

लाडूने विमान बांधायला घेतलं तेव्हा फुलाने दोनच शब्द खर्च केले होते, "बरं हाय." पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणत तिने नवऱ्याचं आजवर पुष्कळ काही पोटात घातलं होतं. दांडेलीच्या कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस निवृत्त होऊन गावी आला, की रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावणारच. ॲल्युमिनियमचे पाइप, त्यावर ताणलेलं कापड, एका जुन्या मोटारीचं इंजिन आणि खाली तीन चाकं. बाजारकुणंगच्या पलीकडचा हा वाडा म्हणजे जंगलातली लहानशी वस्ती. त्यातली घरं एकेक करून रामनगराकडे उठून गेलेली. लाडूला हसायलाही कुणी उरलं नव्हतं.

बिनसलं ते बांधांवरून. विमानाला पळायला जागा लागते, म्हणून लाडूने गेलेल्या शेजाऱ्यांना विचारून त्यांच्या भातशेतांमधले बांध फोडले आणि सगळं एकसपाट करून टाकलं. माणसं गेली तरी बांध होते, तोवर फुलाला वाटायचं, येतील कधीतरी परत. बांध गेले आणि तिचं बोलणंही गेलं. "जेवा", "पाणी तापलंय", एवढंच काय ते. त्या पट्टीवर तिने पाऊल म्हणून ठेवलं नाही. लाडू वर्षभर उडत होता, पण बघायला कोण? कावळे.

त्या दिवशी वासरू दावं तोडून पट्टीकडे पळालं, म्हणून ती त्याच्यामागे गेली. नेमकं तेव्हाच विमान धडधडत आलं, एका ढेकळावर आपटून उसळलं आणि वर गेलं. पुढचं चाक मात्र वर गेलं नाही. ते घरंगळत येऊन तिच्यापाशी आडवं झालं.

फुलाने ते उचललं. मधला दांडा कट्‌कन मोडलेला. मागची दोन चाकं टेकली, की पुढचं नाक जमिनीत घुसणार आणि विमान कोलांटी खाणार, हे कळायला काही फिटर असावं लागत नाही. लाडू तर त्या चाकाच्या वरच बसलेला. त्याला ते नाही हे दिसणार कुठून? तिने चाक डोक्यावर धरलं आणि ती घसा फुटेस्तोवर ओरडली. वर विमान वळलं. लाडूने तिला पाहिलं. आधी एक पंख झुकवला, मग दुसरा. माणूस खूश झाला होता. बायको एकदाची बघायला आली, असं वाटलं असणार त्याला. फुलाला रडूच कोसळलं.

विमान नेहमीसारखं सुप्याच्या धरणाच्या पाण्याकडे फेरी मारायला गेलं.

हाक मारावी तर वाड्यात दुसरं माणूस नाही. फोन होता, पण रेंज यायची ती टेकडीवरच्या मोठ्या दगडावर. आभाळात मात्र भरपूर रेंज मिळते, हे लाडूने एकदा जेवताना भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं होतं. फुला टेकडीच्या वाटेने धावत सुटली. चाक काखेतच राहिलं, तेही तिच्या ध्यानात नव्हतं.

दोनदा फोन नुसताच वाजला. तिसऱ्यांदा इंजिनाच्या घरघरीतून आवाज आला, "आलीस व्हय बगायला! मग निघून का गेलीस गं? आनि डोस्क्यावर काय घेऊन नाचत हुतीस?"

आपण वासरामागे आलो होतो, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"अवो, पुढचं चाक पडलंय तुमचं. माझ्या हातात हाय."

"मग नाक वर धरूनच उतराय पायजे," लाडू म्हणाला. "जमंल तितका वेळ."

"जमतंय का तुमास्नी?"

"कधी केलं न्हाई." आणि मग एकदम लहान आवाजात, "फुला, बोल काय तरी. रेंज हाय तवर बोल."

झाडांच्या शेंड्यांवरून विमान पट्टीकडे उतरायला लागलं. इतके दिवस न बोललेल्या बाईने आता बोलायचं तरी काय? फुलाने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे बांध जिथल्या तिथे होते.

"आदी लखूचं शेत," ती म्हणाली. "मग शिवानंदाचं, त्येची आई बांधावर बसायची ते. मग गणपतीचं..."

"लखूचं आलं," लाडू म्हणाला. "शिवानंदाचं..."

"मग धाकलूचं. अवो, धाकलूचं!"

रेंज गेली होती. दगडावरून पट्टी दिसत नाही, मध्ये जंगल. खालून धडाड असा आवाज आला, इंजिन बंद पडलं आणि मग काहीच ऐकू येईना. फुलाने एवढी शांतता माणसं गेली तेव्हाही ऐकली नव्हती. ती धडपडत, ओरखडत खाली धावली.

विमान नाक जमिनीत खुपसून, शेपूट वर करून उभं होतं. नाकावरचा पंखा मोडला होता. लाडू बाजूला मातीत बसलेला, कपाळातून रक्त येत होतं. फुलाने पदराने जखम दाबून धरली आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं.

"मेला असता तर मी एकटीनं हितं काय करायचं? हाक तरी कुनाला मारायची? सांगा की!"

लाडूने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. ती दमून थांबली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "बगितलंस?"

"काय?"

"नाक वर धरून आलो. शेवटाला पडलं ते पडलंच. पन मागच्या दोन चाकांवर आलो न्हवं. बगितलंस का न्हाई?"

तो दगड लाडूलाही ठाऊक होता. तिथून काय दिसतं आणि काय दिसत नाही, तेही.

"बगितलं," फुला म्हणाली.

"किती लांब धरलं?"

"लई लांब."

लाडूने तिच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे.

"व्हय," तो म्हणाला. "लई लांब."