सरिताकाकूंचा क्लोज-अप

मित्रांनो, मी पोलादपूरच्या फोटोवाल्या भरतचा जुना व्हिडिओ कॅमेरा. जन्म परदेशातल्या कारखान्यातला, पण संस्कार सगळे इथल्या मांडवातले. दुकानात आलो त्या दिवशी माझी पूजा झाली आणि भिंगाला हळदकुंकू लागलं. ते निघता निघेना. पुढे शिवथरपासून कशेडीपर्यंत कितीतरी लग्नं मी टिपली. पाठवणीत तर माझा हात कोणी धरू शकत नसे. नवरीच्या आईने डोळ्यांना पदर लावला, की भरत मला थेट तिच्या चेहऱ्यावर नेई. मग दुकानात बसून तो ते दृश्य संथ करी आणि मागे सनई सोडी. बघणारे रडत आणि भरतची तारीफ करत. मला वाटे, कला म्हणतात ती हीच.

मग हवेत उडणारे कॅमेरे आले आणि मी कपाटात गेलो.

गेल्या वर्षी महाडच्या प्रियदर्शिनीमुळे मी बाहेर आलो. ती मुंबईत नोकरी करते आणि सुटीच्या दिवशी एकटीच माईक धरून लोकांना हसवते. महाडला तिचा पहिला कार्यक्रम होता, त्याची फिल्म करायची होती आणि बंद सभागृहात उडणारा कॅमेरा चालत नाही. पहिल्या रांगेत तिची आई, सरिताकाकू, बसल्या होत्या.

"आई मला फोन करते," प्रियदर्शिनी म्हणाली, "तेव्हा मुंबईपर्यंतचं अंतर ती आवाजानेच कापते. फोन नुसता सोबतीला."

सभागृह हसलं. सरिताकाकू तर इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी पदर लावला. भरतला पदर दिसला. पुढचं सगळं सवयीनं झालं. मी जवळ पोहोचलो तोवर हसू पदराआड गेलं होतं; दिसत होते ते हलणारे खांदे. दुकानात भरतने ते संथ केलं. इथे सनई शोभणार नाही एवढं त्याला कळलं, म्हणून त्याने बासरी लावली.

फिल्म फोनाफोनांतून फिरली. बाजारात बायका सरिताकाकूंचा हात धरू लागल्या. पोरीने भर सभेत रडवली गो तुला, म्हणू लागल्या. काकू सांगत, अगो, मी हसत होते. बायका समजूतदारपणे मान हलवत. त्यांनी फिल्म पाहिली होती. तिथे बसलेल्या बाईपेक्षा लोकांचा माझ्यावर विश्वास जास्त. यंत्राला याहून मोठी शाबासकी नाही. मला मात्र पुन्हा कपाटात जावंसं वाटलं.

पोलादपूरचा कार्यक्रम ठरला होता. तिथल्या मंडळाने निरोप धाडला, या, पण आईवरचे विनोद वगळा. प्रियदर्शिनी दुकानात आली. ओरडली नाही.

"भरतदादा, तुम्ही माझ्या विनोदाची पाठवणी केलीत," एवढंच म्हणाली.

भरत म्हणाला, बासरी चांगली होती.

तरी पोलादपूरला त्याने मला शेवटच्या रांगेमागे, स्टँडवर उभं केलं. समोर सगळं सभागृह आणि त्यापलीकडे ती, बोटाएवढी. ती जपून बोलत होती, लोक जपून हसत होते. आईचा विषय आलाच नाही. तिने शेवटचा नमस्कार केला, तेव्हा पुढून सरिताकाकू उठल्या.

"प्रिया, फोनचा नाय सांगितलास गो. त्याच्यासाठी आलेय मी."

प्रियदर्शिनीने आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. मग तिने सांगितला. हसू पहिल्या रांगेत सुरू झालं आणि मागे मागे येत माझ्यापर्यंत पोहोचलं. काकूंनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. भरतचं बोट झूमच्या बटणावर आलं. क्षणभर थांबलं. मग त्याने हात खिशात घातला.

मित्रांनो, पहिली फिल्म अजून फिरते आहे. दुसरी फारशी कोणी पाठवत नाही. तिच्यात कोणी रडत नाही. आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात माझं एखादं नातवंड आहे. कोणी डोळे पुसताना दिसलं, तर त्या नातवंडाला लगेच जवळ नेऊ नका. आधी त्या माणसाला विचारा, काय झालं म्हणून.

मला विचारता येत नव्हतं. भरतला येत होतं.