दक्षिणेला बसवलेला देव

मंत्र्याचा लेक सरदार कानेताका पहिल्यांदा नगराच्या दक्षिणेकडच्या सहाव्या रस्त्यावर आला, तेव्हा त्याच्या बाह्यांना लागलेल्या धुपाचा घमघमाट असा सुटला की गल्लीतल्या बैलांनी दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा.

पुरुष मुलीच्या घरी सलग तीन रात्री आला तर तो नवरा. दोनच रात्री आला तर नुसता येऊन गेलेला माणूस. त्याच रस्त्यावर राहणाऱ्या पंचांगकर्त्या मोरित्सुनेच्या मुलीच्या, मिनेकोच्या, दोन रात्री झाल्या होत्या. तिसरी आज.

म्हातारी दाई सकाळपासून तिसऱ्या रात्री नवरा-नवरीने खायच्या भाताच्या गोळ्यांसाठी वाफवलेला भात उखळात कुटत होती.

"दाई, हळू. छप्पर खाली येईल."

"येऊ दे. मंत्र्याचा लेक जावई झाल्यावर नवं घालून घेऊ."

दुपारी सरदाराचं पत्र आलं. जांभळा कागद, वर फुललेली फांदी. आत लिहिलं होतं : दिशादेव आजपासून पाच दिवस दक्षिणेला बसला आहे, त्यामुळे तुमच्याकडे यायची वाट बंद, माझ्या बाह्या आसवांनी भिजल्या आहेत.

मिनेकोने ते दोनदा वाचलं. दिशादेव बसतो त्या दिशेला कुणी जात नाही, हे खरं; पण तो पश्चिमेला होता, दक्षिणेला नव्हे. सरदाराच्या घरचं पंचांग वडिलांनी मांडलं होतं आणि त्याची नक्कल तिनेच केली होती. तिच्या अक्षरावर भाळलो म्हणणाऱ्या माणसाने तेच अक्षर आपल्या भिंतीवर कधी वाचलं नव्हतं. दरबारातल्या खालच्या, सहाव्या श्रेणीच्या माणसाकडून आलेली वस्तू कोण वाचतो?

बाहेर दाई निरोप्याला खोदून विचारत होती. "गाडीला नवे पडदे कशाला रे लावलेत?"

"सरदारांना पूर्वेकडे राहणाऱ्या दुसऱ्या मंत्र्यांकडे जायचंय ना. त्यांच्या धाकट्या लेकीकडे. आज पहिली रात्र."

उखळाचा आवाज थांबला. पडद्याआड बसलेल्या मिनेकोने सगळं ऐकलं.

"उत्तर?" निरोप्याने विचारलं.

"नाही म्हणून सांग, दाई."

पत्राला उत्तर न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. निरोप्या खाली मान घालून गेला.

मोरित्सुने आपल्या खोलीतून आला. निरोप्याचं बोलणं त्याच्या कानावर पडलं नव्हतं. त्याने पत्र उचलून वाचलं, बराच वेळ वाचलं. चाळीस वर्षांत या माणसाने ग्रहणाची घटकाही चुकवली नव्हती.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "देव दक्षिणेलाच आहे. माझीच गणितात चूक झाली. म्हातारा झालो, पोरी."

"हो का, बाबा?"

"हो. पाच दिवसांनी येतील ते. मग पहिल्यापासून तीन रात्री मोजू." तो चौरंगाजवळ बसला, दरबारात पाठवायचं पंचांग उलगडलं आणि पश्चिमेची खूण बदलून दक्षिण करायला कुंचला उचलला.

चुकीच्या पंचांगावर अर्धं नगर चुकीच्या वाटेने गेलं असतं, आणि त्याची नोकरी तर गेलीच असती. मिनेकोला वाटलं, लिहू द्यावं. पाच दिवस तरी आपण नवरी राहू.

तिने त्याच्या बोटांतून कुंचला काढून घेतला.

"बाबा, देवाला उठवू नका. तो आहे तिथेच आहे. सरदार येणार नाहीत, आजही नाही आणि पाच दिवसांनीही नाही."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. तिने कुंचला पाण्यात बुडवला, धुतला, पुसला, नीट जागेवर ठेवला. मग दाईला हाक मारून सांगितलं, "गोळे गरम आहेत तोवर बाबांना वाढ. सकाळपासून जेवले नाहीत."