हुकूम देवाला दाखवा

जपानच्या मेइजी सरकारचा हुकूम सुटला आणि टेकडीवरचं चिमुकलं देऊळ मोडून त्यातला देव तालुक्याच्या मोठ्या देवळात नेला. देवराई तोडून तिथे तुती लावली. म्हाताऱ्या तोराकिचीला मात्र त्या देवदारांची गार सावली अजून आठवायची.

पुढच्या उत्सवात त्या देवाची पालखी गावात आली आणि उसळ्या घेत थेट टेकडीच्या वाटेला लागली. पालखीने कुठे वळायचं ते देव ठरवतो, भोई नव्हे, ही पूर्वापार रीत.

"अरे, फिरवा मागे! तिकडे देऊळ कुठंय आता?" सरकारी कारकून ओरडला.

"आम्हाला ठाऊक आहे हो!" पालखीच्या दांड्याखालून तोराकिची खेकसला. "घराची ओढ देवाला लागलीय. त्यालाच दाखवा तुमचा हुकूम!"